गव्याचा मूळपुरुष

सह्याद्रीच्या एका दाट रानात एक गवा होता. अंगाने काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा आणि कुळाच्या अभिमानाने फुगलेला. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढे आटले आणि साऱ्या रानाला एक डोह तेवढा उरला. गवा डोहाच्या वाटेत आडवा उभा राहून म्हणाला, "आमचे घराणे सर्वांत जुने. आधी आमचा कळप पिणार. उरले तर बाकीच्यांनी प्यावे." पिसोरी नावाची सशाएवढी हरिणी पिलाला घेऊन सकाळपासून ताटकळत होती. ती हळूच म्हणाली, "गवेदादा, मला नको, पण पिलाला एक घोट घेऊ द्या." गव्याने शिंगे खाली केली. बिचारी मागे सरली.

एक म्हातारे कासव हे पाहत होते. ते म्हणाले, "गवेराव, आपला मूळपुरुष पाहायचा आहे? चला, जवळच आहे." गवा खुशीत निघाला. एखाद्या गुहेत आपल्याहून मोठी शिंगे जपून ठेवलेली असतील, असे त्याला वाटले. पण कासव थांबले ते गरम पाण्याच्या कुंडापाशी. काठच्या दगडांवर हिरवट, बुळबुळीत थर साचला होता.

"नमस्कार करा," कासव म्हणाले. "हा मूळपुरुष नव्हे, पण आपल्यापेक्षा त्याच्या पुष्कळ जवळचा. फार पूर्वी पृथ्वीवर गवताची काडीही नव्हती. नुसते खडक, वाफ आणि पाणी. अशाच कुठल्याशा पाण्यात डोळ्यांना न दिसणारा एक जीव जन्मला असावा. त्याचाच हा सारा विस्तार."

गव्याचा रवंथ जागच्या जागी थांबला. "ही घाण आमची भाऊबंद? मग ही शिंगे कुठली?"

"शिंगे फार उशिरा आली."

"खोटे आहे हे, आजोबा."

"कोणी पाहिलेले नाही, हे खरे. नेमके कुठे, कसे, यावर शहाण्यांचेही एकमत नाही. पण आईच्या पोटात तुम्हीही आधी दिसेल न दिसेल असा ठिपकाच होता ना?"

गव्याने वाकून तो हिरवट थर हुंगला. मग त्याने विचारले, "आणि ती पिसोरी?"

"तीही त्यातलीच. मीही. तुम्ही खाता ते गवतसुद्धा."

गवा वळला आणि डोहाकडे धावत सुटला. पिसोरीचे पिलू आता मातीत आडवे पडले होते. गव्याला येताना पाहून ती पिलावर पाखर घालून उभी राहिली. गव्याने आपल्या कळपाला पाण्यापासून मागे रेटले, स्वतः दूर झाला आणि म्हणाला, "ताई, पिलाला घेऊन पुढे या."

पिसोरीचा विश्वास बसेना. "सकाळी तर तुम्हीच आम्हाला हाकलले."

"सकाळी मला आपले नाते ठाऊक नव्हते."

आईने नाकाने ढोसले तसे पिलू कसेबसे उठले आणि त्याने पाण्याला जीभ लावली. त्याच्यामागून मुंगसे आली, साळिंदरे आली, रानकोंबड्या आल्या. गवा कोरड्या घशाने उभा राहून एकेकाचे तोंड निरखत होता. इतकी वर्षे शेजारी राहून यांतल्या एकालाही आपण ओळखले नाही, याचा धक्का त्याच्या डोळ्यांतून जात नव्हता.

तात्पर्य : कुळाचा अभिमान धरणाऱ्याने त्या कुळाच्या अगदी मुळापर्यंत जावे, तिथे परके कोणीच उरत नाही.