घुशीची मूठ

उंदरांनाही बिळावर कर्ज मिळायचं, तेव्हाची गोष्ट. बारकू उंदराने घुशीकडून कर्ज घेतलेलं. व्याज म्हणून ती दर अमावास्येला मूठभर दाणे न्यायची. मूठ कधी लहान, कधी मोठी. व्याज थकलं की बीळ तिचं.

खार म्हणाली, "कर्ज माझ्याकडे फिरव. माझी मूठ वाढणार नाही. पण बोली आजच्यापुरती."

"थांबू जरा, घुशीची मूठ उतरेल," असं बायकोला सांगून बारकू सरड्याला विचारायला गेला. सरडा बराच वेळ मान हलवून म्हणाला, "चढेल, उतरेल, नाहीतर तशीच राहील."

संध्याकाळी घुशीने मूठ दुप्पट केली. बारकू रडतच घरी आला.

"डोळे पुसा," उंदरीण म्हणाली. "मी दुपारीच खारीकडे शेपटीचा ठसा उठवून आलेय."

दुसऱ्या दिवशी बारकू बांधावर बसून सगळ्यांना सांगू लागला, "वेळ साधता आली पाहिजे, बाबांनो."