मृत्तिकेची कन्या आणि तांतवाचा शाप

ज्या युगात धर्म चारही पायांवर उभा होता आणि देवांना पृथ्वीवर उतरायला निमित्त लागत नसे, त्या कृतयुगात तमसेच्या उत्तर तीरावर, शमी आणि बिल्व यांच्या दाट राईत, तांतव नावाच्या ऋषीचा आश्रम होता. तांतव वेदवेदांगांत पारंगत होता. यज्ञकर्मात काही अडले की दूरदूरचे ऋत्विज त्याच्याकडे येत आणि निःशंक होऊन परत जात. ते गेल्यावर मात्र, आपण सांगितले ते बरोबर होते ना, या विचाराने तांतवाला दोन-दोन दिवस अन्न जात नसे. "पाहुण्यांची शंका फिटली," त्याची भार्या विरजा म्हणे, "म्हणजे ती आता आपल्याकडे राहायला आली."

त्या दोघांना अपत्य नव्हते. उतारवयात तांतवाने घोर तप केले आणि ब्रह्मदेव प्रसन्न झाले. पण त्यांनी दिलेला वर अर्धाच होता. नदीकाठच्या मातीतून त्यांनी सात वर्षांच्या कन्येची आकृती घडवली, तिच्यात प्राण फुंकला, सूर्याला तिच्या नेत्रांत बसवले आणि म्हटले,

"तांतवा, हिला दिसेल एवढे मी केले आहे. उरलेल्या देवता उद्या तुझ्या दारी येतील. दिशा हिला शब्द देतील, वायू स्पर्श देईल, वरुण रस देईल, अश्विनीकुमार गंध देतील. त्यांचे निरोप हिच्या मस्तकातल्या जीवापर्यंत नेणाऱ्या नाड्या मात्र तुला विणायच्या आहेत. बारा दिवसांचे सत्र मांड. समाप्तीच्या अवभृथस्नानापूर्वी हिने डोळे मिटून आपल्या मातेला ओळखले, तर ही तुमची. नाही ओळखले, तर माती नदीची आहे; ती नदीला परत जाईल."

विरजेने त्याच क्षणी मुलीला मांडीवर घेतले, तिचे नाव ऊर्णा ठेवले आणि 'मी तुझी आई' असे तिच्या न ऐकणाऱ्या कानांत सांगायला सुरुवात केली. ऊर्णा झाडांवरच्या पोपटांकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी देवता आल्या. तांतवाने त्यांना अर्घ्यपाद्य देऊन आसने मांडली. फक्त अश्विनीकुमारांना त्याने कुंपणाबाहेर, त्यांच्या घोड्यांजवळ थांबायला सांगितले. ते दोघे वैद्य. माणसांच्या रोगांत हात घालून गावोगाव हिंडणारे. सोमयागात त्यांना देवांच्या पंक्तीला बसवीत नसत, आणि तांतवाने आयुष्यात कधी रीत मोडली नव्हती.

मग त्याने नाड्या विणायला घेतल्या, आणि इथे त्याची विद्वत्ताच त्याला नडली. सोमयागात प्रत्येक देवाचे पात्र निराळे असते. एकाचा भाग दुसऱ्याच्या पात्रात सांडला तर प्रायश्चित्त घ्यावे लागते. म्हणून त्याने कमळाच्या देठासारख्या पोकळ नाड्या केल्या. शब्द शब्दाच्याच रूपाने आत जावा, रस रसाच्याच रूपाने जावा, कशात काही मिसळू नये, असा त्याचा विचार होता. पण शब्द दोन अंगुळे आत जाऊन विरून जाई. वरुणाचा रस वाटेतच झिरपे आणि मुलीची हनुवटी भिजवी. वायू देठात शिरला की मार्ग न मिळून पोटात उतरे आणि ऊर्णा दिवसभर उचक्या देई. तांतवाने नाड्या चार वेळा उसवल्या, चार वेळा विणल्या. सहा दिवस असे गेले.

"मुनिवर," वायू एकदा म्हणाला, "तिन्ही लोकांत मला कोणी अडवू शकले नाही. तुमच्या देठात मात्र मी अडकलो. याची कीर्ती मी स्वतः पसरवीन."

आपण मुळात या कामाला योग्यच नव्हतो, ब्रह्मदेवांनी माणूस निवडण्यात चूक केली, असे तांतव मनाशी म्हणत होता. तेव्हा विरजेने सहज विचारले, की आपण अग्नीत तूप, दही, भात टाकतो, तेव्हा इंद्राच्या तळहातावर दही पडते काय? तांतव वैतागून म्हणाला, की अग्नी सगळे जाळतो आणि ज्वाळेच्या रूपाने वर नेतो, हे बटूलाही ठाऊक असते. विरजेने पुढे विचारले, की मग सगळ्यांची ज्वाळा सारखीच. कोणते हविर्द्रव्य देवांचे आणि कोणते पितरांचे, हे कसे कळते?

"कोणत्या कुंडात आहुती पडली त्यावरून. दक्षिणाग्नीतली पितरांची, आहवनीयातली..." एवढे बोलून तांतव थांबला, आणि हातातले सगळे देठ त्याने नदीत टाकून दिले.

सातव्या दिवसापासून त्याने भरीव, केसाहून बारीक तंतू ओढले. त्यांतून काही वाहत नव्हते. एक ठिणगी या टोकाला उमटे आणि उडत उडत त्या टोकाला जाई. कानाच्या आत त्याने शंखासारखे दालन कोरले, त्यात पाणी भरले आणि पाण्यात गवताच्या पात्यांसारखे सूक्ष्म केस लावले. शब्द आला की पाणी हले, पाती वाकत आणि ठिणगी उडे. शेजारीच पाण्याची तीन वर्तुळे तीन दिशांना बसवली. मुलीने मान कलवली की त्यांतले पाणी मागे राही, आणि त्यावरून आपण सरळ आहोत की पडतो आहोत हे तिला कळे. जिभेवर त्याने कळ्या लावल्या. त्वचेखाली दाबाचे, कंपाचे, शीताचे आणि उष्णाचे असे वेगवेगळे पहारेकरी नेमले.

यावर वायू आणि वरुण दोघेही रुष्ट झाले. आपला गारवा आणि याची गोडी यांची सारखीच ठिणगी होते, हा आपला अपमान आहे, असे वायूने ऐकवले.

"ठिणगी एकच आहे, देवा, वाट वेगळी आहे," तांतव म्हणाला. "जीव ठिणगीला विचारत नाही की तू कोण. ती कोणत्या वाटेने आली एवढेच तो पाहतो. तुमची वाट जर मी वरुणाच्या घरी नेली, तर हिला वारा गोड लागेल."

सर्व वाटा त्याने मस्तकाच्या मध्यभागी एका मंडपाशी आणल्या. तिथे त्याने नेमलेला द्वारपाल प्रत्येक दूताला थांबवून, ज्याच्या त्याच्या दालनात पाठवू लागला.

नवव्या दिवशी, विरजेचा हात मस्तकावर असतानाच, ऊर्णा उभी राहिली. मागे टाळी वाजली तशी ती वळली, आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळून खाली बसली. खांद्यावरचे वल्कल, तळव्यांखालचे खडे, नदीचा घोष, तोंडातली स्वतःचीच लाळ, सगळे तिला अखंड, एकाच जोराने जाणवत होते आणि काहीच थांबत नव्हते. दोन दिवस ती कानांवर हात ठेवून रडली. तांतवाने तंतू जाड केले, बारीक केले, द्वारपालाला दटावले. अकराव्या दिवशी त्याचा धीर सुटला. त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि तो गरजला,

"शब्द, स्पर्श, रस आणि गंध यांच्या दूतांनो, एकदा सांगितलेली वार्ता बदल झाल्यावाचून तुम्ही पुन्हा सांगू लागाल, तर तुमची वाणी थकून लोप पावो!"

पाणी भूमीवर पडले आणि ऊर्णा शांत झाली. त्या दिवशी तांतव पोटभर जेवला.

बाराव्या दिवशी ब्रह्मदेव आले. ऊर्णेच्या डोळ्यांवर वस्त्र बांधले. ती विरजेच्या मांडीवर बसली होती आणि विरजेचा हात तिच्या मस्तकावर होता, जसा पहिल्या दिवसापासून होता.

"बाळे, तुझी आई कुठे आहे?" ब्रह्मदेवांनी विचारले.

"मला ठाऊक नाही," ऊर्णा म्हणाली. "इथे कोणी नाही."

विरजेने हात हलवला, तिला हाक मारली. ऊर्णा म्हणाली की काहीतरी मऊ हलले, कोणीतरी बोलले. ते कोण, हे तिला सांगता येईना. तांतवाला आपण काय करून बसलो ते कळले. जो स्पर्श बारा दिवस एक क्षणही सुटला नव्हता, तोच त्याच्या शापाने मुका झाला होता.

तेव्हा कुंपणाबाहेरून थोरला अश्विनीकुमार बोलला. "मुनिवर, आमचे काम अजून झालेले नाही, याची आठवण आहे ना? की वैद्य लागतो तो शेवटी, असेच इथेही?"

तांतवाने घाईने त्यांना मंडपाच्या वाटेला लावायचे ठरवले. दोघांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या मंडपात आम्ही उभे राहणार नाही. दारात थांबणे आमच्या वाट्याला पुरेसे आले. वैद्य मागच्या दाराने जातो आणि थेट रोग्याच्या उशाशी बसतो. नाकाच्या छतातून आम्हाला सरळ स्मृतीच्या घरात वाट द्या."

"याला शास्त्राधार नाही," तांतव पुटपुटला.

"आधार उद्या शोधा," विरजा म्हणाली. "मुलगी आज जाते आहे."

तांतवाने नाकाच्या छताला चाळणीसारखी छिद्रे पाडली, त्यांतून तंतू ओवले आणि द्वारपालाला न विचारता ते स्मृतीच्या उंबरठ्याला बांधले. अश्विनीकुमार आत गेले. ऊर्णा तशीच बसून राहिली.

"शापात गंधाचेही नाव तुम्ही घेतलेत," धाकटा आतून म्हणाला. "आईचा वास इथे भरून राहिला आहे, म्हणून आम्ही गप्प. बाई, तुम्ही उठा आणि दूर जा."

बारा दिवसांत पहिल्यांदा विरजेने मुलीवरचा हात काढला आणि तिला मांडीवरून खाली ठेवले. ती मागे न पाहता नदीकडे चालू लागली. ऊर्णेने चाचपडून जमिनीवर हात फिरवला. "इथे कोणीतरी होते," ती म्हणाली. सत्राला बसलेल्या ऋत्विजांनी अवभृथाची सामग्री उचलली. तांतव एकदा मुलीकडे, एकदा नदीच्या वाटेकडे पाहत होता.

विरजा परत फिरली तेव्हा वारा तिच्या पाठीशी होता. शमीच्या समिधांचा धूर, घुसळलेले दही, ओले वल्कल असा वास पुढे आला, आणि पाऊल वाजण्यापूर्वीच ऊर्णेने तोंड वर केले.

"आई आली," ती म्हणाली, आणि रडू लागली.

ब्रह्मदेवांनी वर पुरा केला. शाप मागे घेऊ द्यावा म्हणून तांतवाने त्यांचे पाय धरले. पण उच्चारलेला शाप परत येत नाही. म्हणून आजही मनुष्याला अंगावरचे वस्त्र जाणवत नाही, स्वतःच्या घराचा वास येत नाही, आणि एखादा गंध मात्र कोणाला न विचारता आत शिरून वर्षानुवर्षांपूर्वीचा दिवस समोर उभा करतो. शापाच्या शब्दांत वेदनेचे नाव घ्यायचे राहून गेले, म्हणून तिचा दूत एकच वार्ता सांगत राहतो आणि थकत नाही.

विरजा त्यानंतर रोज, काम असो वा नसो, नदीवर जाऊन येई. ती दारात आली की ऊर्णा धावत पुढे जाई. तांतव मात्र मुलीला काही होईल या धास्तीने दिवसभर तिच्याजवळच बसलेला असे, आणि तो तिथे आहे हे तिच्या ध्यानातही येत नसे. "तुम्हीही जरा जाऊन या ना," विरजा म्हणे. तो उठे, कुंपणापर्यंत जाई, आणि परत येऊन बसे.