बालवाडीखालची गॅसवाहिनी

सरकारी सुरक्षा निरीक्षक हेमांगी तोरस्कर सकाळपासून अस्वस्थ होत्या. बालवाडीखालची नगरपालिकेची गॅसवाहिनी गंजली असावी, अशी त्यांना दाट शंका होती. पण मुख्य अभियंता खारकर खोदूच देत नव्हते.

"बाई, वाहिनी ठणठणीत आहे. गळती नाही, असं मी लेखी दिलंय," ते गुरकावले.

"उत्तम! मग आजपासून बालवाडी तुमच्या केबिनमध्ये भरू दे आणि तुम्ही बालवाडीत बसा."

"दिवसभर त्या वासात बसू?" खारकर उसळले.

"कसला वास, साहेब?"

हेमांगीबाईंनी ताबडतोब मुलांना बाहेर काढायला लावलं, गॅस बंद करवला आणि खोदकाम सुरू केलं. दुपारी वाहिनी उघडी पडली, तेव्हा गंजलेल्या भोकातून बोट सहज आत जात होतं.