परसाईचा वसा आणि तुरेवाली कोंबडी

ऐक परसाई, परसाच्या आई, तुझी कहाणी. मुठीत कण्या घ्या बायांनो, आणि मागची कुजबूज थांबवा. नाहीतर नंतर विचारत बसाल, मग काय झालं, मग काय झालं.

आटपाट नगर होतं म्हणतात. असेल बाई. आपली कहाणी नगराची नाही, त्याच्या वेशीबाहेरच्या वाडीची. त्या वाडीत सुभाना नावाचा कुणबी होता. त्याची बायको साळू वारली. मागं एक लहानगी लेक राहिली, तिचं नाव तानू. आणि परसात साळूनं जीव लावलेल्या कोंबड्या राहिल्या. मग सुभानानं दुसरं लगीन केलं. येसू घरात आली. माहेराहून एक कवडी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी काखेत घेऊन आली.

येसू मनाची चांगली, पण तिला विचारतंय कोण? तानू तिच्या हातचं खाईना. ताट वाढलं की सरकवायची, आणि शिंक्यावरची शिळी भाकरी काढून दाराआड बसून कुरतडायची. परसात गेलं तर साळूची लाडकी तुरेवाली अंगावर धावून यायची, पोटरीला टोचायची. घरात एक रुसलेली, परसात दुसरी.

पोर वाळत चालली. मग सुभाना म्हणाला, "येसू, तुझा दोष नाही. पण पोर अशानं जगायची नाही. मळणी उरकली की हिच्या मामाला बोलावतो. कायमची घेऊन जाऊ दे तिला." येसूला ती पोर हवी होती हो, मनापासून हवी होती.

मग एके दिवशी दारात म्हातारी आली. अंगावर भुरं लुगडं, चालताना मान पुढं मागं, पुढं मागं. ती कोण ते तुम्ही ओळखलंत. येसूला कुठलं कळायला?

म्हातारी म्हणाली, "लेकी, मूठभर कण्या घाल." येसूनं घातल्या. म्हातारीनं त्या परसात पसरल्या आणि भुईवर बसली. मग सगळ्या कोंबड्या गोळा झाल्या, आणि तुरेवाली तिच्या मांडीवर चढून डोळे मिटून बसली. येसू बघतच राहिली. "आजी, आजी, मला टोचते आणि तुझ्या मांडीवर बसते, हे कसं?"

"मी परसाईचा वसा वसते."

"मग तो वसा मला सांग."

"सांगेन, पण तू मध्येच टाकशील."

"नाही टाकायची."

"तर ऐक. सकाळी परसात जावं, भुईवर बसावं. कण्या पसराव्या, एकेकीला नावानं हाक मारावी. येईल तिला दाणा, न येईल तिलाही दाणा. धरायला जाऊ नये, फसवायला जाऊ नये. आज काय नवं पाहिलं ते तोंडानं सांगावं, ऐकणारं कुणी असो नसो. चढून जाऊ नको, कंटाळू नको, वशात खोट येऊ देऊ नको." एवढं बोलून म्हातारी कुंपणाआड गेली ती गेलीच.

येसूनं वसा घेतला. पण सांगायचं कुणाला? सुभाना शेतावर. मग ती दारालाच सांगायची. दाराआड कोण बसतं ते तिला ठाऊक होतं.

"दारा, दारा, आज काय पाहिलं! शेंदऱ्या कोंबड्याला किडा गावला. मेल्यानं स्वतः खाल्ला नाही. उचलला, टाकला, पुन्हा उचलला, कुक कुक करून कोंबड्यांना बोलावलं. एवढा माजोरी दिसतो, आणि आधी बायकांना जेवू घालतो!"

"दारा, दारा, नवी कोंबडी आधी डालग्याखाली झाकायची, ही वाडीची रीत ना? मला वाटायचं, बिचारीला कोंडतात कशाला. तर बाकीच्या येतात, वेताच्या फटींतून डोकावतात, चार शिव्या देऊन जातात. आज डालगं उचललं, तर कवडीला कुणी टोचलं नाही. बघून बघून राग सरला." दाराची कडी जराशी वाजली.

"दारा, दारा, आधी तुरेवाली खाते, मग काळी, मग बाकीच्या. मध्ये कुणी घुसली की बसलीच चोच. पाणवठ्यावर आपल्या बाया तरी निराळं काय करतात?" दाराआडून खुदकन हसू आलं. येसूला वाटलं, जिंकलं!

अन् तिथंच चुकली. घाई झाली तिला. पेटीतलं साळूचं हिरवं लुगडं काढलं, नेसली, आणि परसात जाऊन बसली. म्हटलं, तुरेवाली फसेल, मांडीवर येईल, मग पोरही येईल. तुरेवाली लांबून हिरवं बघून पळत आली खरी. जवळ आली, मान वाकडी केली. एका डोळ्यानं येसूचं तोंड पाहिलं, दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग अशी टोचली की रक्त काढलं. कोंबडी लुगड्याला भुलत नाही बायांनो, ती तोंड ओळखते.

पण टोचल्याचं दुःख काहीच नाही. दारातून तानूनं पाठमोरं हिरवं लुगडं पाहिलं. "आये!" म्हणून धावत आली. येसू वळली. पोरीनं तोंड पाहिलं. काय झालं असेल त्या जिवाचं! आत गेली, दार लावून घेतलं, शिंक्यालासुद्धा हात लावीना. सुभानानं मळणीची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी मामाला निरोप धाडला. मामाचं गाव लांब, यायला महिना तरी लागायचा.

येसू ढसाढसा रडली. तुम्हाला वाटेल, आता म्हातारी प्रकटली असेल. नाही आली. दरवेळी देवी कशी येईल? मग येसूनंच लुगडं धुतलं, वाळवलं, घडी करून तानूच्या उशाशी ठेवलं. "तुझ्या आईचं आहे. मी नेसायला नको होतं," म्हणाली, आणि पुन्हा जाऊन भुईवर बसली. दुसऱ्या दिवशी शिंक्यावरची भाकरी कमी झालेली दिसली.

मग एका दुपारी शेंदऱ्या कटकट कटाक, कटकट कटाक ओरडायला लागला. "घार!" म्हणून येसू वर बघायला लागली. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "घार नाही. घारीला तो बारीक लांब ओरडतो. हे भुईवरचं आहे."

येसू कुंपणाकडं धावली. मुंगूस! कवडीला घेऊन गेलं होतं. डालग्यात तिची अंडी तेवढी उरली, ऊन ऊन. येसू डोळे पुसत म्हणाली, "दारा, तुला एवढं सगळं कळतं होय?" दार म्हणालं, "आयनं शिकवलंय."

मग दार आपणहून बोललं, "तुरेवाली खुडूक झालीय, उबवायला बसू बघतेय. अंडी तिच्याखाली ठेव. पण आता नको, टोचेल. सांज होऊन ती पेंगली की हळूच सरकव." येसूनं तसं केलं. तुरेवालीनं पोटाखाली चाचपलं, अंडी ओढून घेतली, आणि बसली.

अंडी फुटायला आली. येसू सकाळी डालग्याशी बसली आणि तिनं कान टवकारले. "दारा, दारा! ही अंड्यांशी बोलतेय! हळू गुर्र गुर्र करते, आणि आतून कोण ची ची म्हणतंय!" मग काय झालं? दार उघडलं. तानू आली. डालग्याच्या दुसऱ्या बाजूला कान लावून बसली. खूप वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "पण ती हिची अंडी नाहीत. कवडीची आहेत."

"नाहीत तिची."

"तरी बोलते?"

"बोलतेय की. ऐक."

पिल्लं निघाली, तुरेवालीमागं परसभर फिरायला लागली, आणि मामा येऊन ठेपला. येसू भुईवर बसली होती. हात नुसते शिवशिवत होते, पोरीला धरावं आणि सोडूच नये. पण वसा होता, धरायला जाऊ नये. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. सुभाना म्हणाला, "जा, मामा आला." मामानं हात पुढं केला. "चल तानू, मामीनं लाडू केलेत." तानू परसाच्या मधोमध उभी राहिली. इकडं बघेना, तिकडं बघेना.

तेवढ्यात शेंदऱ्या ओरडला. बारीक, लांब. घारीची सावली परसातून सरकली. तुरेवालीनं पंख फुलवले, पिल्लं पळत पळत आत शिरली. आणि तानू पळाली. बापाला ओलांडून, मामाला ओलांडून, थेट येसूच्या पदराखाली घुसली.

घार निघून गेली. पिल्लं बाहेर आली. तानू येईना. मामानं पुन्हा हाक मारली. तेव्हा पदराखालून आवाज आला, "मला नाही यायचं. धाकटे आये, मला भूक लागली."

येसूनं भाकरी कुस्करली, दूध घातलं, आणि आपल्या हातानं घास भरवला. पोर खाली मान घालून सगळं जेवली. मामानं डोळे पुसले आणि लाडू धाडून देईन म्हणाला. आणि तुरेवाली? ती आली, मान वाकडी करून येसूचं तोंड पाहिलं, या डोळ्यानं, त्या डोळ्यानं, आणि गपचूप शेजारी बसली. कुंपणाआड भुरं लुगडं हललं म्हणतात. येसूनं तिकडं पाहिलंच नाही, तिचे हात गुंतले होते.

जशी परसाई येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. न येणारं आपल्या पायांनी येवो, न जेवणारं आपल्या हातचं जेवो. सोडा कण्या मुठीतल्या. साठ दाण्यांची ही कहाणी पाच चोचींनी टिपली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.