ताईच्या अंथरुणातले गवत

मोहाच्या आणि चारोळीच्या झाडांनी भरलेल्या एका रानात एक चिचुंद्री आपल्या धाकट्या भावाला घेऊन राहत होती. मुलांनो, चिचुंद्रीच्या अंगाला उग्र वास येतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. ती वाटेने निघाली, की माकडे फांदीवरून ओरडत, "नाकं दाबा रे, स्वारी निघाली!" चिचुंद्री मुळीच रागावत नसे. ती धाकट्याला म्हणे, "आपला वास आपल्याला येत नाही, हे किती बरं! म्हणून तर दुसऱ्यांचे सगळे येतात."

आणि ते खरेच होते. त्या रानात डोंगराच्या कपारीत सगळ्या प्राण्यांचे मिळून एक कोठार होते. उन्हाळ्यात जो तो आपापला ढीग तिथे आणून टाकी आणि पावसाळाभर सगळे त्यातले खात. पण चिचुंद्रीने हुंगल्याशिवाय एक दाणाही आत जायचा नाही, अशी रीत होती. कारण एक ढीग ओलसर गेला, तर त्याच्या संगतीने सगळे कोठार बुरसटून जाई. चिचुंद्री दाणा दोन्ही पंजांत मिटून धरी, त्यावर तोंडाची वाफ सोडी आणि मगच नाक लावी. "गार वस्तूचा वास झोपलेला असतो," ती सांगे, "ऊब दिली की जागा होतो." धाकट्याला एवढा धीर कुठला! तो लांबूनच फुसकन हुंगून ओरडे, "चांगलं आहे, जाऊ द्या आत!" मग ताईची टपली त्याच्या डोक्यात बसे.

ताईला चिमुकली पिल्ले होती. बाहेर पडताना पहिले पिल्लू आईची शेपटी तोंडात धरी, दुसरे पहिल्याची, तिसरे दुसऱ्याची. चिचुंद्र्यांची चालच तशी असते. आणि गंमत म्हणजे एवढा वाढलेला धाकटाही त्या रांगेत सर्वांत मागे लटके. ताई म्हणे, "अरे घोड्या, आता तरी शेपटी सोड!" तो तोंडातली शेपटी न सोडताच म्हणे, "नाही सोडणार, ज्जा!"

एका पहाटे घुबडाने झडप घातली आणि ताईला उचलून नेले. मागे काही उरले नाही. उरले ते फक्त बिळातले तिचे गवताचे अंथरूण. धाकट्याने त्यात नाक खुपसले. गवताला ताईचा वास येत होता. तो जाऊ नये म्हणून त्याने बिळाचे तोंड मातीने बुजवले, पाणी पिण्यापुरते सोडले, तर बाहेर येणेच बंद केले. पिल्ले कोपऱ्यात गोळा होऊन बसत. धरायला शेपटीच नव्हती, मग ती जाणार कुठे?

इतक्यात कोठार भरायचे दिवस आले. कोठाराचा कारभारी म्हणजे एक म्हातारे अस्वल होते. त्याने धाकट्याला बोलावणे धाडले. जाताना धाकट्याने अंथरुणातल्या गवताचा एक झुबका घेतला आणि हनुवटीखाली, अगदी नाकाशी येईल असा गळ्यात बांधला.

पहिला ढीग सशिणीचा होता. तिने उन्हाळाभर निवडलेली चारोळी. धाकट्याने ना पंजात धरली, ना वाफ दिली. नाक लावले, चारोळीचा वास काही आला नाही, तसा तो ओरडला, "कुजकी आहे! फेकून द्या!"

"काय म्हणालास?" सशीण दोन्ही कान ताठ करून उभी राहिली. "अरे, कालपर्यंत उन्हात वाळत होती माझी चारोळी! कुजकी?"

"कुजकी म्हणजे कुजकी!"

माकडे फांदीवर लोळू लागली. "अरे शहाण्या, तो तुझाच वास आहे!"

गर्दीतून कोल्हा पुढे आला. त्याच्या मागे मोहफुलांचा मोठा ढीग होता, वरून रानमोगऱ्याची फुले पेरलेली. "आजोबा," तो अस्वलाला गोड आवाजात म्हणाला, "बहिणीला येत होतं, म्हणून भावालाही येईल असं थोडंच आहे? माझं नाक बघा केवढं लांब! हे काम मला द्या. आणि आता या पोराला माझा ढीग तरी ओळखता येतो का ते विचारा."

धाकट्याने हुंगले. त्याला ताईचाच वास आला. दुसऱ्या बाजूने हुंगले, तरी ताईचाच. काही कळेना. सगळे बघत होते. "चांगलं असेल," तो पुटपुटला.

"असेल?" अस्वल खिन्नपणे म्हणाले. "तुझी ताई 'असेल' कधी म्हणाली नाही रे. जा, घरी जा. कोल्ह्या, उन्हं कलली की ढीग आत घ्यायला लाग. उद्यापासून हुंगायचं काम तुझं."

धाकटा पळाला तो थेट ओढ्यापर्यंत. तिथे एका दगडाला डोके लावून तो बसला. मागून सशीण आली. ती भांडायलाच आली होती.

"उन्हातान्हात पाय भाजले माझे, आणि तू चारचौघांत मला..." बोलता बोलता ती थांबली. "हे काय बांधलंयस गळ्यात?"

"ताईचं अंथरूण."

"आणि हे नाकाशी धरून तू माझी चारोळी हुंगलीस? मग दुसरं काय येणार तुला?"

"मला दुसरं काही नकोच आहे!" धाकटा ओरडला. "मावशी, हे सोडलं तर ती जाईल."

सशीण त्याच्याजवळ बसली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "ती गेली रे बाळा," ती हळूच म्हणाली. "पण एक सांगते. तुझी ताई रोज कोठारावर येण्याआधी इथे बुडी मारायची. अंगाला पिल्लांच्या दुधाचा वास असायचा ना, तोसुद्धा धुऊन टाकायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, घरचा वास कितीही लाडका असला, तरी कामाला जाताना तो घरीच ठेवावा."

धाकट्याने पाण्याकडे पाहिले. मग एकाएकी, जसे सगळेच तो एकाएकी करी, त्याने ओढ्यात उडी घेतली. गळ्यातली गाठ सुटली. गवताच्या काड्या पाण्यावर पसरल्या आणि वाहू लागल्या. एक काडी त्याच्या मिशीला अडकली, तीही निघाली. त्या वेळी त्याने जो टाहो फोडला, तो ऐकून सशिणीनेही तोंड फिरवले.

तो काठावर आला, अंग झाडले आणि श्वास घेतला. आणि काय सांगू मुलांनो! सारे रान एकदम त्याच्या नाकात शिरले. तापलेला दगड, काठचे शेवाळ, झाडावरून नुकताच गळलेला डिंक, सशिणीच्या पंजांना लागलेला चारोळीचा स्निग्ध, गोडसर वास. "मावशी!" तो किंचाळला. "तुझी चारोळी चांगली आहे! फार चांगली आहे!"

"ते मला ठाऊक आहे, मेल्या!" सशीण म्हणाली. "पळ आता, उन्हं कलली!"

पण धाकटा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला होता. कोठाराच्या दिशेने रानमोगरा येत होता, आणि मोगऱ्याच्या आडून आणखी काहीतरी. तो धावत सुटला.

कोल्ह्याचा ढीग कपारीच्या तोंडाशी पोहोचला होता. धाकटा त्याच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. "थांबा!"

"आला बघा!" माकडे ओरडली. "नाकं दाबा रे, नाकं दाबा!"

"दाबाच!" धाकटा म्हणाला. "आजोबा, तुम्ही खरंच दाबा."

सगळे चकित झाले. या वेळी त्याने घाई केली नाही. ढिगाच्या तळाशी हात घालून एक मोहफूल काढले, दोन्ही पंजांत मिटले, वाफ दिली, थांबला आणि मग नाक लावले. आधी मोगरा आला, मग मोहाचा जड गोडवा, आणि अगदी शेवटी, तळातून, ओल्या फडक्यासारखा कुबट वास.

"हे वळवात भिजलंय," तो म्हणाला. "भिजलेलं वरवर वाळवलंय आणि वास लपवायला मोगरा घातलाय."

"खोटं!" कोल्हा ओरडला. "रंग बघा, कसा सोन्यासारखा! वळीव आला तेव्हा मी काय झोपलो होतो?"

"आजोबा, नाक घट्ट दाबा आणि हे चावा. गिळू नका."

अस्वलाने पंजाने नाक दाबून फूल चावले. "गोड तर आहे."

"ते जिभेनं सांगितलं. आता नाक सोडा."

अस्वलाने नाक सोडले. पुढच्याच क्षणी त्याचे तोंड असे वाकडे झाले, की माकडे फांदीवरून पडता पडता वाचली. "थू! थू! कुबट! अरे, हे आत्ता कुठून आलं तोंडात?"

"होतंच ते," धाकटा म्हणाला. "जीभ गोड-आंबट सांगून गप्प बसते, आजोबा. बाकीची सगळी चव नाक सांगतं. ताई म्हणायची तसं."

"कोल्ह्या," अस्वल गुरगुरले, "तुझ्या ढिगातली मूठभर फुलं तूच खाऊन दाखव."

कोल्ह्याने एकदा ढिगाकडे पाहिले, एकदा अस्वलाच्या नखांकडे. "माझं पोट आज जरा..." म्हणत तो शेपूट घालून झुडपात शिरला. अस्वलाने ढीग पंजाने उलथला. तळाची फुले बुरशीने पांढरी पडली होती. पावसाळाभराचे सगळ्यांचे अन्न थोडक्यात वाचले होते.

मग काय विचारता! माकडांनी फांद्या हलवून रान दणाणून सोडले. अस्वलाने धाकट्याला उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवले. "आजपासून याच्याशिवाय एक दाणा आत जाणार नाही!"

धाकट्याने सर्वांत आधी चारोळीचा ढीग मागवला. दाणे पंजांत मिटले, ऊब दिली, हुंगले. "मावशीची चारोळी. जाऊ द्या आत!"

"कुजकी नाही ना?" सशिणीने विचारले आणि सगळे हसले. धाकटाही हसला, ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तो बिळात परतला, तेव्हा पिल्ले कोपऱ्यातच होती. बिळाच्या तोंडावरची माती त्याने उकरून टाकली. सर्वांत धाकटे पिल्लू सरपटत पुढे आले आणि त्याचे पंजे हुंगू लागले. त्या पंजांना मोहाचा, चारोळीचा आणि उबेचा वास येत होता.

"मामा," ते म्हणाले, "तुझ्या हातांना आईचा वास येतोय."

धाकटा वळला आणि बाहेरच्या उन्हाकडे चालू लागला. दोन पावले गेला असेल नसेल, तोच त्याच्या शेपटीला मागून ओढ बसली. मग आणखी एक, मग आणखी एक.

त्याने मागे वळून पाहिले नाही. ताठ मानेने तो पुढे निघाला आणि वरून माकडे ओरडली, "वाट द्या रे, स्वारी निघाली!"

तात्पर्य : गेलेल्यांची आठवण नुसती नाकाशी धरून बसले, तर जगातले खरे-खोटे कळत नाही; त्यांचे काम हाती घ्यावे, म्हणजे ती आठवण आपल्या हातांनाच लागून राहते.