गोमी लावी आणि काटेरी कुंपण

फार पूर्वी माळावरच्या एका खळ्यात गोमी नावाची लावी पक्षीण ज्वारी खाऊन इतकी जडावली, की तिला कुंपणावरून उडता येईना. आणि कडब्याच्या गंजीत तर रानमांजर दबा धरून असे.

घाबरून तिने एक वेळचं खाणं सोडलं. अंग हलकं झालं, उडी निम्म्या कुंपणापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. पंधरा दिवस झाले तरी वीतभर वर सरकेना.

"उपास पुरे गं गोमे, माझ्या वाट्याला नुसती हाडं यायची!" गंजीतून रानमांजर हसलं.

गोमी खळ्याच्या कडेला बसलेल्या टिटवीकडे धावली. "टिटवीमावशी, मी काही खात नाही गं, तरी मरणार!"

"खात नाहीस? आत्ता बोलता बोलता सात दाणे टिपलेस, ते कुणाच्या पोटात गेले? आणि रोज तेवढंच सपाट खळं पळतेस. अंगाला त्याची सवय झालीय. पंख मारत बांध चढ."

बांध गंजीला लागूनच होता. गोमी रोज गंजीवर नजर ठेवून चढली. टिपण्याआधी चोच थांबवायला शिकली.

महिन्याभराने कडबा सळसळला. गोमी उडाली. शेपटीचं पीस मांजराच्या तोंडात राहिलं, काट्यांनी पोट खरचटलं, पण ती पलीकडे पडली.

समोर दुसरं खळं होतं, ज्वारीची मोठी रास होती. गोमीने चार दाणे टिपले आणि ती बांध शोधू लागली.