परत न केलेलं विरजण

फार पूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि त्यांचे कारकून त्याहून पुष्कळ होते, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात अशी रीत होती, की राजवाड्यावर चाकरी हवी असेल तर आधी चौकशी व्हायची. कुठल्याशा जुन्या राजाचा आचारी म्हणे चांदीची पळी घेऊन पळाला होता. पुढे तो राजा गेला, आचारी गेला, पळीही गेली. चौकशी तेवढी राहिली.

ज्याला चाकरी हवी त्याच्या घरी कारकून जातच नसे. तो जाई उजवीकडच्या, डावीकडच्या आणि समोरच्या घरी. तिथे बसून तीन प्रश्न विचारी. माणूस खरं बोलतो का? भांडखोर आहे का? घेतलेलं परत करतो का? पहिल्या दोन प्रश्नांना लोक लांबलचक उत्तरं देत. त्यातलं निम्मं कारकून लिहून घेई आणि निम्मं सरबताबरोबर गिळून टाकी. तिसऱ्या प्रश्नाला मात्र हो की नाही, एवढंच. तिघांतल्या एकानेही ‘नाही’ म्हटलं की नावावर फुली. आणि एकदा पडलेली फुली जन्मभराची.

राजवाड्याच्या टेकडीखाली सात घरांची एक आळी होती. सातही घरी म्हशी, सातही घरी दूधदुभतं. त्या आळीत सगुणा राहायची.

वीस वर्षं आळीतलं पहिल्या नंबरचं दही सगुणाचं होतं. कुणाकडे पाहुणे आले की माणसं वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहत. ती वाटी भरून देई आणि वर म्हणे, “आमचं कसलं मेलं दही.” हे म्हणताना तिला फार बरं वाटायचं.

मग तिच्या उजवीकडच्या घरात येसू लग्न होऊन आली. अबोल, सावळी, खाली मान घालून चालणारी पोर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने तिला वाटी देऊन सगुणाकडे विरजणासाठी पाठवलं. सगुणाने चमचाभर दही वाटीत घातलं, नव्या नवरीला कुंकू लावलं आणि उखाणा घ्यायला लावून तिची थोडी फजितीही केली.

आता, ज्यांना घरात दही आपोआप येतं असं वाटतं त्यांच्यासाठी सांगायला हवं. विरजण म्हणजे चमचाभर कालचं दही. ते कोमट दुधात कालवून ठेवलं की उद्याचं दही तयार. ते संपलं की बाई शेजारी वाटी घेऊन जाते, शेजारीण चमचाभर घालते, आणि ते कुणी परत करत नाही. परत करायला गेलं तर शेजारणीला राग येईल. कधी तिचं संपेल तेव्हा तिनं वाटी आणावी, इतकंच.

तर सगुणाच्या त्या चमच्याचं येसूने दही लावलं. आणि ते असं लागलं, की मडकं आडवं केलं तरी हलेना. सुरीने वडी पाडावी तसं दही. गोड, घट्ट, वर सायीची जाड दुलई.

आळीतल्या वाट्या हळूहळू एक दार पुढे जाऊ लागल्या.

सगुणाने आधी लक्ष दिलं नाही. मग दिलं, आणि एकदा दिल्यावर ते तिथून निघेचना. येसू दूध किती तापवते, बोट बुडवून किती वेळ धरते, मडकं कुठल्या कोपऱ्यात ठेवते, हे ती भिंतीवरून बघू लागली. तिनेही मडकं त्याच कोपऱ्यात ठेवलं. जुन्या लुगड्यात गुंडाळून पाहिलं. दूध दोनदा आटवलं. आणि लागलं की नाही हे बघायला दर घटकेला झाकण उचललं. येसू झाकण लावायची आणि विसरून जायची. हा एक फरक सोडून सगुणाने सगळे फरक शोधले.

एके दिवशी तिचा नवरा जेवता जेवता बोटं चाटत म्हणाला, “आज दही झकास लागलंय हो.”

ते येसूने वानोळा म्हणून पाठवलेलं होतं. सगुणाने उरलेली वाटी त्याच्या पानापुढून उचलली आणि मांजरीला घातली. नवऱ्याने वर बघितलं, पण वीस वर्षांच्या संसाराचा अनुभव असल्यामुळे उरलेला भात कोरडाच संपवला.

तिला सगळ्यात जास्त कशाने जळत होतं, तर विरजण तिचंच होतं म्हणून. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं एक वेळ सोसलं असतं.

अशात राजवाड्याच्या दूधघरातली म्हातारी थकली. दही लावायला नवी बाई हवी, अशी दवंडी पिटली. वर्षाला दोन लुगडी, धान्य, आणि सणाला मोठ्या दरवाजातून आत जाण्याचा मान. सगुणाने नाव दिलं नाही. आपल्याला बोलावणं येईल, अशी तिची समजूत होती. येसूच्या सासूने मात्र त्याच संध्याकाळी चावडीवर जाऊन सुनेचं नाव घातलं. येसूच्या नवऱ्याचा पाय त्या वर्षी म्हैस अंगावर पडून कायमचा अधू झाला होता. घराला त्या धान्याची गरज होती, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगुणालाही.

तिसऱ्या दिवशी कारकून आला. समोरच्या घरात तिन्ही उत्तरं चांगली मिळाली, पलीकडच्याही घरात मिळाली. मग तो सगुणाच्या ओसरीवर टेकला. सरबत पिऊन झालं. खरं बोलते का? बोलते. भांडखोर आहे का? छे, तोंडातून शब्द निघत नाही. तिसरा प्रश्न आला.

“घेतलेलं परत करते का?”

सगुणाला हो म्हणायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून रवीचा आवाज सुरू झाला, संथ, घुमणारा, घट्ट दह्यातच येतो तसा.

“बाकीचं मला माहीत नाही,” सगुणा म्हणाली. “पण तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून विरजण नेलं होतं. ते काही आजवर परत आलं नाही.”

कारकून सरकारी खाणावळीत जेवणारा माणूस होता. त्याने जन्मात दही लावलं नव्हतं.

“किती होतं?” त्याने विचारलं.

“चमचाभर.”

“चमचा काय न हंडा काय, बाई. नाही म्हणजे नाही.” आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

सगुणा मनात म्हणाली, मी खोटं कुठं बोलले?

फुलीचं कारण चावडीवर वाचून दाखवायची रीत होती. ‘विरजण घेतलं, परत केलं नाही’ असं कारकुनाने मोठ्याने वाचलं तेव्हा पुरुषांना काही कळलं नाही आणि बायकांना सगळं कळलं. कुणी सगुणाकडे बघितलं नाही. न बघण्याच्या तऱ्हा असतात, त्यातली ती चांगली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू आली. हातात वाटी नव्हती, तिचं मोठं काळं मडकं होतं, काठापर्यंत भरलेलं. तिने ते सगुणाच्या उंबऱ्यावर ठेवलं.

“हे तुमचं, आक्का,” ती म्हणाली. “द्यायचं राहून गेलं होतं.”

आणि मान खाली घालून निघून गेली.

सगुणाला वाटलं, मडकंभर देऊन टेंभा मिरवते आहे. तिने ते दही तसंच उचललं आणि परसातल्या शेवग्याच्या मुळाशी ओतलं. मडकं घासून परत पाठवलं.

त्या दिवसापासून आळीत एक गंमतच झाली. प्रत्येक घरातल्या कुणाला ना कुणाला राजवाड्यावर चाकरी हवी होती. कुणाचा मुलगा पहारेकरी व्हायचा होता, कुणाचा दीर माळी. तेव्हा कुणी कुणाकडून कधी विरजण घेतलं, हे बायका आठवू लागल्या. दोन दिवस नुसत्या वाट्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. “हे तुमचं पाच वर्षांपूर्वीचं.” “आणि हे तुमच्या सासूबाईंचं, त्या गेल्या तरी काय झालं.” सगळ्यांची सगळी देणी फिटली. त्यानंतर कुणी कुणाकडे वाटी घेऊन गेलं नाही.

दूधघरासाठी दुसरं नाव हवं होतं. आता सगुणाने आपलं नाव दिलं. पण चौकशी म्हटल्यावर उजवीकडचं घर येणारच, आणि उजवीकडे येसू. कारकून त्या घरात गेला तेव्हा सगुणा भिंतीला कान लावून उभी होती.

येसूचा आवाज आला. “आक्का घेतलेलं परत करतात. आणि दिलेलं मोजत नाहीत.”

सगुणाला चाकरी मिळाली. त्या वाक्याचा दुसरा तुकडा मात्र तिच्या घशात अडकून राहिला, माशाच्या काट्यासारखा. दिसत नाही, पण गिळताना कळतो.

पहिले दोन महिने छान गेले. दूधघरात मडक्यांच्या उतरंडी होत्या, हाताखाली दोन बायका होत्या. बाजाराच्या दिवशी ती घरी येई तेव्हा भिंतीपलीकडे रवीचा आवाज नसे. गर्व उतरला वाटतं, असं तिच्या मनात येई आणि तिला बरं वाटे. का नसेल, हे तिने विचारलं नाही.

मग राजवाड्यात बारसं निघालं. हजार पानं उठली. दही संपलं, ताक संपलं, कढी संपली, आणि हाताखालच्या बाईने हौसेने सगळी मडकी राखेने घासून उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा दूधघरात आली तेव्हा घागरी भरभरून दूध होतं आणि चमचाभर विरजण नव्हतं. परवा देवीला दहीभाताचा नैवेद्य होता. तो राजाच्या हातून जायचा असतो.

तिने लिंबू पिळून पाहिलं, दूध फाटलं. चिंचेचं बुटूक टाकून रात्रभर ठेवलं. तार सुटलेलं काहीतरी झालं, ते तिनेच गुपचूप नाल्यात ओतलं. तिच्या स्वतःच्या घरी तर ती चाकरीला लागल्यापासून दही लागलंच नव्हतं. मग पदराखाली वाटी घेऊन ती टेकडी उतरली.

पहिल्या दारी तिला पाणी मिळालं, विरजण नाही. “असतं तर दिलं असतं, आक्का. आमचं उन्हानं आंबून गेलं. शेजारी मागायचं तर...” दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या घरी मांजराने मडकं पाडलं होतं. चौथीने स्पष्टच सांगितलं की गेला महिना त्यांच्याकडे पोरं कोरडी भाकरी खातायत. एकेका घरचं विरजण काही ना काही कारणाने गेलं होतं, जसं ते नेहमीच जातं. पूर्वी ते जायचं आणि शेजारून यायचं. आता गेलं ते गेलं. पाचव्या दारीही मान हलली. चौदा म्हशींच्या आळीत आतापर्यंत कुणाकडे चमचाभर दही निघालं नव्हतं.

राहिलं सहावं दार. ते येसूचं. सगुणा त्याच्यासमोर थांबली. मग तिने वाटी पदराखालून बाहेर काढली.

येसू चुलीपाशी होती. तिने वाटी बघितली, सगुणाचं तोंड बघितलं. बसायला पाट दिला. कोपऱ्यातलं काळं मडकं दाखवलं. ते पालथं होतं.

“आक्का, त्या दिवशी सगळंच तुम्हाला दिलं की,” ती म्हणाली. “तुमच्या विरजणाचं होतं ते. माझं त्यात काय होतं, जे ठेवून घेऊ?”

“मग तेव्हापासून?”

“मागितलं असतं तर परत कधी देणार, ते लिहिलं गेलं असतं ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सगुणाला सोपं गेलं असतं. तिला परसातला शेवगा आठवला. त्या वर्षी त्याला शेंगा मात्र खूप आल्या होत्या.

आता दुसऱ्या गावाहून विरजण आणून दही लागायला वेळच उरला नव्हता. नैवेद्य दह्याविना गेला आणि सगुणाची चाकरीही गेली. टेकडी उतरण्याआधी ती कारकुनाकडे गेली. त्याची वही त्याच्या मांडीवरच होती.

“येसूच्या नावावरची फुली खोडा,” ती म्हणाली.

“का? तुम्ही सांगितलं ते खोटं होतं?”

“खरं होतं.”

“मग खोडू कशी, बाई?” कारकून म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

विरजण परत करायचं नसतं, ते पुढे द्यायचं असतं, हे तिने त्याला परोपरीने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पण वहीत त्याला जागा नव्हती.

मग सगुणा चालत माहेरी गेली, तीन कोस. भावजयीकडून वाटीभर दही घेतलं, ओल्या फडक्यात बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत परत आली. स्वतःच्या घरी न जाता ती येसूच्या दारात थांबली. काळं मडकं सुलटं केलं आणि अर्धी वाटी त्यात रिकामी केली.

“परत द्यायचं नाही,” ती म्हणाली. आणि वाटी घेऊन पुढच्या दारी गेली.

आठवड्याभरात सातही घरी रव्या फिरू लागल्या. येसूचं दही पुन्हा सुरीने कापावं असं लागू लागलं. सगुणाचं पूर्वीसारखंच लागे, बरं. पण ती आता झाकण उचलून बघत नसे. राजवाड्याचं दही दूरच्या गावाहून येऊ लागलं, पातळ आणि आंबट. आणि येसूच्या नावावरची फुली मात्र, वही वाळवीने खाल्ली तोवर, तशीच राहिली. अधू नवऱ्याच्या त्या घरात धान्य कमी पडलं की सगुणा सूप भरून नेऊन ठेवी. भरपाई म्हणावी इतकं ते नव्हतं, हे तिला कळत होतं.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही लक्षात ठेवावं: मत्सराने सांगितलेलं खरंसुद्धा खोट्याइतकंच नासवतं, आणि ते पुसणं खोट्याहून कठीण.